जिभेवरचे साप

सगळे त्याला कप्तान म्हणायचे, पण त्याने आयुष्यात साधी होडीसुद्धा चालवली नव्हती. बंदरावरच्या गोदामात परदेशी लाकडाचे ओंडके उतरायचे आणि त्यांत दडून आलेले साप पकडायचे, हे त्याचं काम. देशोदेशीचे खलाशी आपापल्या भाषेत बोंबलत बाहेर पळायचे आणि हा पठ्ठ्या काठी घेऊन आत धावायचा!

तसा बडबड्या माणूस, पण अर्धांगवायूचा झटका आला आणि मुका झाला. 'पाणी' नाही, 'हो' नाही. बायकोला घर खायला उठलं. "भांडायला तरी कुणी हवं की हो," ती म्हणायची.

मग बोलायला शिकवणारी मुलगी घरी यायला लागली. तिने कपाचं चित्र दाखवलं, म्हातारा गप्प. खुर्ची दाखवली, गप्प. सापाचं चित्र निघालं आणि काय सांगावं, म्हातारा ताडकन सरळ बसला!

"उलार! न्योका! यिलान! कुलेब्रा!"

खलाशांच्या तोंडून ऐकलेली सापाची चार नावं! मुलगी आनंदाने उडालीच. "आजी, घाबरून ओरडलेले शब्द आत खोल राहतात. बघा, वाट सापडली!"

"डोंबलाची वाट!" म्हातारी कडाडली. "अख्खा संसार केला मी. मला साधी हाक नाही, आणि त्या मेल्या सापाला चार-चार नावं?" पण रडता रडता हसतही होती.

त्या दिवसापासून घरात उठता-बसता उलार आणि न्योका. त्यापुढे मात्र गाडं काही हलेना.

एका सकाळी म्हातारी अंगणातल्या नळाखाली भांडी घासत होती, म्हातारा पायरीवर बसला होता.

"न्योका! न्योका!"

"कळलं हो, पाठ झालंय मला!"

"यिलान! उलार!"

"अहो, परीक्षा आहे का आज?" ती मागे वळलीच नाही.

तिच्या टाचेपाशी, हातभर अंतरावर, चांगला मनगटाएवढा जाड साप होता. जीभ आत-बाहेर करत वास घेत होता. म्हाताऱ्याला सगळं दिसत होतं, पण पाय उचलत नव्हता. आणि पातेलं विसळायला ती मागे सरकणार, तोच—

"अगं, हलू नकोस!"

ती जागच्या जागी थिजली. साप टाचेला वळसा घालून सावकाश गटारात उतरला.

"किती ओरडायचं माणसाने? ऐकू येत नाही का तुला?" म्हातारा अडखळत ओरडला.

ती तिथेच ओल्यात मटकन बसली. डोळ्यांना धार लागली.

"नाही येत हो," ती म्हणाली. "अजिबात नाही येत. अजून ओरडा!"