शेजारणीची बकुळ
सुकलेल्या बकुळीचा वास आला की मला चिखलीतलं आमचं तेव्हाचं नवं घर आठवतं. अंगण मोठं होतं, पण सावलीचा पत्ता नव्हता. नर्सरीतून हौसेनं आणलेली शोभेची झाडं मे महिन्यात करपून गेली, तेव्हा आईनं आता गावरान झाडंच लावायची असं ठरवलं. ते ऐकून शेजारच्या काकू दुधाच्या पिशवीत एक रोप घेऊन आल्या. “बकुळ हाय, उन्हाले भीत नाही,” म्हणाल्या. त्यांची पाठ वळताच वडिलांनी पानाचा देठ मोडला, तर पांढरा चीक निघाला. “हा उंबर हाय! तिच्या भिंतीत उगवला असन. उंबर तोडता येत नाही, म्हणून आपल्या गळ्यात मारून राह्यली. उद्या इथं पार बांधा, परवा आरत्या करा!” आई म्हणाली, “अहो, बकुळीलेही चीक असते.” वडिलांनी तिच्याकडेही संशयानं पाहिलं आणि पाण्याची अडचण सांगून रोप परत केलं. काकूंनी ते दोन्ही अंगणांमधल्या भिंतीला लागून, पण त्यांच्या बाजूला लावलं. काही वर्षांनी ते फुललं ते बकुळ होऊनच, आणि आई आमच्या अंगणात पडलेली फुलं पदरात वेचू लागली. वडील भिंतीपाशी उभे राहिले, बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, “सारी फुलं आपल्याच इकडं काऊन पडून राह्यली?” काल माझ्या शेजारणीनं मला कढीपत्त्याचं रोप आणून दिलं. मी पान चुरडून पाहिलं, वास कढीपत्त्याचाच आहे. तरी रोप अजून पिशवीतच आहे.