परक्या डिरेक्टऱ्या मी हाकलल्या

आता माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, नाहीतरी मीठमसाला लावून ती गंगापूर रोडभर फिरतेच आहे.

साठी उलटल्यावर मी कॉम्प्युटरवर लिनक्स शिकले, कुणाच्या पाया न पडता. माऊसला हात लावत नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, यंत्राने तो निमूट बजावायचा. सुनेपेक्षा बरं, उलटून बोलत नाही.

धाकटी बहीण विमल वणीला दिलेली. जात्यावरच्या ओव्या तिला ढिगाने पाठ. त्या मी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. पुढे अर्धांगवायूने तिची वाचा गेली. तिचा आवाज उरला तो फक्त माझ्या कॉम्प्युटरात, आणि मध्यंतरी एकदा ती तोच ऐकायला येणार होती.

म्हणून आदल्या दिवशी मी आवराआवर काढली. ओव्यांची वेगळी डिरेक्टरी, म्हणजे खणच म्हणा, माझ्या कमांडची, म्हणजे हुकमांची, वेगळी. राहिला पाथ. पाथ म्हणजे काय, तर हुकूम बजावणारा कुठल्या कुठल्या डिरेक्टरीत शोधायचा, ते यंत्राला सांगून ठेवायचं. बघते तर तिथे सगळी परकी नावं! माझ्या घरात ही गर्दी कशाला? सगळी पुसली, फक्त माझी डिरेक्टरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी विमल समोर बसलेली. मी नवं टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, उघडलं. ओव्या दाखव म्हटलं, सापडत नाही. वाजव म्हटलं, सापडत नाही. खाली इंग्रजीत आणखी काहीतरी होतं, ते कोण वाचतंय? मी सुनेवर घसरले.

"मनीषा, पुसलास ना माझ्या बहिणीचा आवाज?"

"आई, मी फक्त वरची धूळ पुसते."

"खोटं बोलू नकोस. माझं शिक्षण तुझ्या डोळ्यांत खुपतं."

विमल रडायला लागली. मनीषाने ओढणीला हात पुसले, खणातला माऊस काढून जोडला, पिवळ्या फोल्डरवर टकटक केलं. "मावशी, ऐका," एवढंच म्हणाली. आणि घरभर विमलचा आवाज.

ओव्या जागच्या जागी होत्या हो. त्या दाखवणारे नि वाजवणारे राहत होते त्या परक्या डिरेक्टऱ्यांत, आणि त्यांनाच मी हाकललं होतं. माऊसचा रस्ता माझ्या त्या पाथवरून जातच नव्हता.

हल्ली विमल आली की डाव्या हाताने खूण करते. माझ्याकडे नाही, मनीषाकडे. दोघी ऐकत बसतात, चहा मी करते. साखर कुठल्या डब्यात आहे ते मनीषाला विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून तिघींनाही बिनसाखरेचा.