दिपोटीसाहेबांची प्रार्थना

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. हा प्रकार मी आजवर स्वतःहून कुणाला सांगितलेला नाही. तशी गरजच पडली नाही. आमच्या ह्यांनी तो कल्याणपासून भुसावळपर्यंतच्या सगळ्या स्टेशनांवर सांगून ठेवलाय. पण त्यांच्या सांगण्यात मी फारच बावळट दिसते. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐका. बावळट मी यातही दिसेनच, पण जरा ऐटीत.

तेव्हा आम्ही कल्याणला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. हे मालगाडीवर गार्ड. चार वर्षांत तीन बदल्या. दर गावी शाळा नवी, पुस्तकं नवी, आणि दर वेळी हेडमास्तर म्हणणार, "मुलगी कच्ची आहे, खालच्या वर्गात बसवा." अशी आमची कृपा दोनदा दुसरीत बसली. कल्याणला तिसऱ्यांदा तेच ऐकलं तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिला घरी घेऊन आले. म्हटलं, मी काय भांडी घासायला ट्रेनिंग कॉलेजात गेले होते?

हो, मी मास्तरीण. लग्नाआधी नगरकडे मिशनच्या शाळेत दोन वर्षं शिकवलेलं. माझा हिशेब साधा होता. देवानं लेकरं आपल्या हाती दिली, तर लेकरांच्या हाती पाटी आपणच द्यावी. दहा वर्षांची कृपा आणि आठ वर्षांचा दानीएल, म्हणजे आमचा दान्या, एवढीच माझी शाळा. सकाळी सहाला उपासना, एक गीत, बायबलमधलं एक वचन, मग चुलीसमोर पाट मांडून वर्ग. पोळ्या लाटता लाटता मी कविता पाठ करून घ्यायचे.

आता जरा फुशारकी मारते. सहा महिन्यांत कृपा वर्तमानपत्रातले अग्रलेख घडाघडा वाचू लागली. अक्षर म्हणाल तर मोत्यासारखं. चाळीतल्या बायका माहेरची पत्रं तिच्याकडून लिहून घ्यायच्या.

बाकी विषयांत मात्र आमची गाडी जरा आडवळणानं जायची. मला जे येत होतं ते मी शिकवलं, आणि मला बायबल येत होतं. दान्याला यार्देन नदी उगमापासून मुखापर्यंत पाठ, पण घराजवळून वाहणाऱ्या नदीला उल्हास म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. कृपा यहूदाचे सगळे राजे ओळीनं सांगायची. पेशव्यांपैकी तिला एकही ठाऊक नव्हता.

आणि गणित. गणिताचं काय सांगू? अपूर्णांक पाहिला की मला कॉलेजातसुद्धा घाम फुटायचा. त्या पेपरात मी कशी पास झाले ते देवाला आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलीलाच ठाऊक. तेव्हा भागाकार शिकवताना मी हमखास कळणारं उदाहरण घेतलं. पाच भाकरी, दोन मासे, खाणारी पाच हजार माणसं. येशूनं त्या वाटल्या, सगळे पोटभर जेवले आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. मुलं रंगून जायची. त्यातून दान्याची पक्की समजूत झाली की भागाकार केला की बाकी मूळ आकड्यापेक्षा जास्तच उरते.

अशात एक दिवस पत्र आलं. सरकारनं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं. आपली मुले शाळेच्या पटावर नाहीत, तरी शनिवारी दुपारी तीन वाजता शाळातपासनीस घरी येऊन त्यांची परीक्षा घेतील, समाधान न झाल्यास मुलांना सोमवारपासून शाळेत घालावे लागेल. शाळातपासनीस म्हणजे दिपोटी. तेव्हा सगळे त्यांना दिपोटीच म्हणत.

ह्यांनी पत्र वाचून माझ्याकडे पाहिलं. "मग? गणिताचं काय?"

"तुम्ही तुमची गाडी सांभाळा," मी म्हटलं, "शाळेचं मी बघते."

वरवर बोलले, पण कृपा तिसऱ्यांदा खालच्या वर्गात बसणार, ह्या विचारानं मला घास जाईना. मग मी एक युक्ती काढली. पाच गणितं निवडली, शेजारच्या मास्तरांकडून सोडवून आणली आणि पाचही उत्तरं मुलांकडून घोकून घेतली. दिपोटीसमोर मीच फळ्यावर ती गणितं घालणार होते. दुसरं म्हणजे, सरकारी साहेबाला घरातलं धर्मशिक्षण आवडणार नाही, असं मीच ठरवून टाकलं. म्हणून मुलांना पढवलं, की साहेबानं बायबलचं काही विचारलं तर सरळ नाही म्हणायचं.

खोटं बोलायला लावणं पाप आहे हे मला काय ठाऊक नव्हतं? पण त्याबद्दल मी देवाशी आधीच बोलून घेतलं होतं. तो काही बोलला नाही, मी होकार समजले.

त्याच शनिवारी सकाळी अकराला आमच्या मंडळीचे नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरभेटीला यायचे होते. तसा त्यांचा निरोप चिठ्ठीनं आला होता. मला सोयीचंच वाटलं. सकाळी प्रार्थना, दुपारी परीक्षा.

बरोबर अकराला दारात एक गृहस्थ. पांढरंस्वच्छ धोतर, लांब कोट, काळी टोपी, हातात पिशवी. आमचे जुने पाळक हुबेहूब असेच असायचे. मला शंका यायचं कारणच नव्हतं. आणि दिपोटी म्हणजे हॅट आणि बूट, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

"सलाम साहेब," मी म्हटलं. आम्ही ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच करतो. "या, वाटच पाहत होते."

"नमस्कार," ते म्हणाले. "पत्र मिळालं म्हणायचं. मी जरा आधी—"

"आधी बसा तर. चहा घेतल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही."

बिचारे बसले. मी चहा ठेवला आणि बोलायला लागले. मी एकदा बोलायला लागले की समोरच्याला फक्त कप उचलायचं काम उरतं, असं आमचे हे म्हणतात.

"मुलांना आपण स्वतःच शिकवता?" एवढं त्यांनी कसंबसं विचारलं.

"मीच. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मन मोकळं करायला दुसरं माणूस कोण आहे मला? वाचन, लेखन उत्तम. पण गणितात मी शून्य, साहेब. मला अपूर्णांक येत नाहीत. आणि आज तो दिपोटी यायचाय."

त्यांचा कप ओठापाशी थांबला. "दिपोटी."

"हो. पण मी त्याचा बंदोबस्त करून ठेवलाय." आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मी आपल्या हातानं उघडून दाखवली. "दान्या, इकडे ये. तिसरं."

"एकशे आठ," दान्या म्हणाला.

"गणित न विचारताच?" पाहुण्यांनी विचारलं.

"गणित कशाला लागतंय? पाचही उत्तरं पाठ आहेत. ह्या दिपोट्यांना काय कळतंय, साहेब? येतात, चहा पितात, सही ठोकतात आणि जातात."

त्यांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. मग पिशवीतून एक वही काढून काही टिपून घेतलं. मला वाटलं, उद्याच्या उपदेशासाठी असेल. मी आणखी खुलले.

"बाळ," ते दान्याला म्हणाले, "वीस आंबे सहा मुलांना सारखे वाटले. उरले किती?"

दान्यानं क्षणभरही विचार केला नाही. "बारा टोपल्या."

त्यांना जो ठसका लागला तो मी पाणी आणून दिलं तरी थांबेना. मी अभिमानानं म्हटलं, "वचन पक्कं आहे त्याचं." मग मीच त्यांना ते पाच भाकरींचं उदाहरण समजावून सांगितलं. पाळकांना बायबल समजावताना मला जरा संकोच वाटायला हवा होता. नाही वाटला.

त्यांनी कृपाला वर्तमानपत्र वाचायला दिलं. तिनं न अडखळता वाचलं, अर्थ सांगितला, वर संपादकाची एक चूकही दाखवली. त्यांनी तिची वही पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग उठायला लागले.

"असे कसे जाता?" मी म्हटलं. "मुलांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. आणि त्या दिपोटीचं मन जरा मऊ होऊ दे, एवढं मागा."

ते उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, वर आढ्याकडे पाहिलं. मग दान्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्या मुलाला भागाकार येवो. आणि दिपोटीला धीर मिळो."

मी "आमेन" म्हटलं. वाटलं, नव्या पिढीचे पाळक थोडक्यात आटोपतात.

दुपारी मी घराचा कायापालट केला. भिंतीवरचं कशिद्यानं भरलेलं वचन उतरवलं, बायबल तांदळाच्या डब्यात ठेवलं, मुलांना ओळीनं उभं केलं. तीन वाजून गेले. चाळीसमोर सायकल थांबली आणि एक तरुण माणूस उतरला. पँट, बूट, डोक्यावर हॅट. आला दिपोटी.

"सलाम, ताई," तो हसून म्हणाला.

बघा, किती कावेबाज. माझ्याच भाषेत बोलून मला पकडतोय. मी हात जोडून ठणकावून म्हटलं, "नमस्कार."

तो जरा गोंधळला. "उशीर झाला. मोहन्याच्या रस्त्यावर सायकल पंक्चर झाली, ढकलत आणावी लागली." मग कृपाकडे वळून म्हणाला, "काय गं, रोज बायबल वाचतेस ना?"

कृपानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. "नाही," ती म्हणाली.

"बरं. रविवारी चर्चमधल्या शब्बाथ शाळेला तरी जाता ना दोघं?"

"तसली शाळा आम्हाला ठाऊक नाही," कृपा पुटपुटली.

त्या माणसाचा चेहरा पडला. तो दान्यासमोर गुडघ्यावर बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "बाळा, येशू कोण ते तरी माहीत आहे?"

दान्या आज्ञाधारक मुलगा. "नाही," तो म्हणाला, "आमच्या चाळीत राहत नाहीत."

आणि तेवढ्यात शेजारच्या आवारातला कोंबडा, त्या मेल्याला काय झालं होतं कुणास ठाऊक, भर दुपारी आरवला.

तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. येशूला धरून नेलं तेव्हा त्याच्या पेत्र नावाच्या शिष्यानं भीतीनं तीनदा सांगितलं, मी ह्या माणसाला ओळखत नाही. तिसऱ्यांदा म्हणाला आणि कोंबडा आरवला. ही गोष्ट कृपाला मीच शिकवलेली. पोरीनं जो गळा काढला, अख्खी चाळ दारात जमली. "आई, आपण येशूला नाकारलं गं."

मलाही रडू आवरेना. खरं सांगते, त्या क्षणी शाळा, परीक्षा, दिपोटी, सगळं मला कवडीमोल वाटलं. मी तांदळाचा डबा उघडला, बायबल बाहेर काढलं, तांदूळ झटकले आणि त्या तरुणासमोर उभी राहिले. "साहेब, आम्ही ख्रिस्ती आहोत. घरात रोज उपासना होते. मुलांना खोटं बोलायला मी शिकवलं. आता हवं तर घाला त्यांना शाळेत."

तो गडबडून उठला. "अहो ताई, मी कशाला शाळेत घालू? मी तुमच्या मंडळीचा नवा पाळक. घरभेटीला आलोय."

 मी पाटावर बसले. "मग सकाळी आले ते कोण?"

म्हणजे सकाळचेच दिपोटी. दिपोटीला काय कळतंय, सही ठोकतात, मन मऊ होऊ दे. सगळं एकेक करून माझ्या कानात वाजायला लागलं. मी सकाळपासूनची हकीगत सांगितली. पाळकसाहेब ऐकता ऐकता दोनदा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, माझ्या आधी प्रार्थना करून गेले, म्हणजे माणूस चांगला असणार."

संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं. चहा पाजून अवलक्षण पहिल्यांदाच पाहिलं."

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी मुलांच्या कपड्यांचे दोन जोड धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. कृपानं आपली वही आपणहून दप्तरात भरून ठेवली होती आणि ते दप्तर पाहून माझा जीव तुटत होता. बुधवारी पत्र आलं. मी ते न फोडताच ह्यांच्या हाती दिलं, आणि ह्यांनीच मोठ्यानं वाचलं.

"दोन्ही मुलांना घरी शिकविण्यास हरकत नाही. मुलीचे वाचन व हस्ताक्षर ह्या तालुक्यात मी पाहिलेल्यांत उत्तम आहे. तिला खालच्या वर्गात बसविणे अन्यायाचे होईल."

मी कृपाला पोटाशी धरलं आणि देवाचे आभार मानायला डोळे मिटले.

"थांब," हे म्हणाले, "पुढे आहे अजून. मात्र गणित शिकविण्यास घरची शिक्षिका तयार नाही, हे तिने स्वतःच सांगितले आहे. सबब तिने जवळच्या शाळेत इयत्ता चौथीच्या गणिताच्या तासास महिनाभर बसावे. हेडमास्तरांस तसे कळविले आहे."

आणि बसले. काय करता? चौथीच्या मुलांमागे, बसकरावर मांडी घालून, बत्तीस वर्षांची मी. पहिल्या दिवशी मुलं मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली. कृपानं माझ्या हातात पाटी दिली. दान्यानं माझा पदर सारखा केला आणि म्हणाला, "आई, रडायचं नाही हं. सुटली की घ्यायला येतो."