ऑल्टवरचा अंगठा

जर्मनीच्या व्हिसाचा अर्ज भरायला मी तळवड्यातल्या टायपिंगच्या दुकानात गेलो होतो. जर्मनीतल्या ज्या गावी जायचं होतं, त्याच्या नावात यूवर दोन टिंबं होती. ती राहिली तर अर्ज परत येईल, अशी मला धास्ती. टायपिंगवाल्या काकांच्या डाव्या हाताला नुसता अंगठा होता. बाकीची बोटं कंपनीत प्रेस मशीनखाली गेलेली. त्यांनी अंगठ्यानं ऑल्टचं बटण दाबून धरलं आणि उजव्या हातानं, पाढा म्हटल्यासारखं पुटपुटत, शून्य दोन पाच दोन मारलं. यू टिंबांसकट उमटला.

मी हाताकडे बघतोय हे त्यांनी ओळखलं.

“धरून ठेवायला अंगठा पुरतो, राव.”

पुढचे सगळे अर्ज मी घरी तसाच ऑल्ट धरून भरले. आता जर्मनीतल्या कीबोर्डवर त्या यूचं वेगळं बटण आहे. तरी ते अक्षर आलं की माझा डावा अंगठा आधी ऑल्टवर जातो.