चौसष्ट नंबरची बाई

"पेन बदला हो सर, नाहीतर सगळ्या बायका एकाच वर्गात शिकल्यासारख्या दिसतील."

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. आमच्या स्टाफरूमच्या मधोमध एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या अलीकडे मी डबा खात होते आणि पलीकडे खेळाचे सर समाजशास्त्राच्या सरांना सल्ला देत होते. मी या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते, म्हणजे दर जूनमध्ये माझी नव्याने मुलाखत होते, आणि मुलाखतीला समोर समाजशास्त्राचे सर बसतात. त्यामुळे कपाटापलीकडचं मला सहसा ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र मी वाकून पाहिलं, आणि सरांनी मला पाहिलं.

टेबलावर प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. विषय : ऊसतोड महिलांमधील ताणतणाव. शंभर बायकांच्या मुलाखती घेतल्या असं सरांनी निबंधात आधीच लिहून ठेवलं होतं; आता त्या बायका तयार करायच्या राहिल्या होत्या. सर निळ्या, काळ्या आणि हिरव्या पेनाने बायका तयार करत होते. विसाव्या बाईपाशी त्यांचा हात दुखायला लागला होता.

"तुझं मराठी अक्षर बघू बरं," ते म्हणाले. मी याच कॉलेजात शिकले, म्हणून ते मला एरवी 'तू' आणि चारचौघांत 'मॅडम' म्हणतात. मी एका फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या. नर्सरीपासून इंग्रजी माध्यम. माझं देवनागरी अक्षर अजूनही ओळीवर बसत नाही, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर पडतात. खेळाचे सर एकदम खूश झाले.

"अहो, हे तर चौथीत शाळा सोडलेल्या बाईचं अक्षर! एकदम ओरिजिनल!"

दोघंही हसले. मीही हसले, कारण मला दुसरं काही पटकन सुचत नाही. मग उरलेला गठ्ठा माझ्याकडे आला.

आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे, कारखान्याच्या रस्त्याला लागून, त्या वेळी खऱ्या ऊसतोड बायका राहत होत्या. पाथर्डीकडून आलेल्या. स्टाफरूमच्या खिडकीतून त्यांच्या पाचटाच्या कोपी आणि वाळत घातलेली लुगडी दिसायची. मी हळूच म्हटलं, "सर, त्या तर इथेच आहेत." सर म्हणाले, "त्या येतात सात वाजता. आपला हजेरीचा थंब पाचला." एवढं बोलून ते हाताला मलम लावत बसले. शंभर बायकांचा ताणतणाव त्यांच्या आणि त्या कोपींच्या मधल्या चाळीस पावलांत अडकून पडला होता.

मी चार दुपारी बायका भरल्या. 'पूर्णपणे सहमत', 'सहमत', 'तटस्थ'. सगळ्या तटस्थ वाटू नयेत म्हणून मध्येच कुणाला तरी चिडवायचं. चहा देणाऱ्या मावशींनी एकदा कप ठेवता ठेवता विचारलं, "काय लिवताय एवढं?"

"फॉर्म आहेत. ऊसतोड बायकांचे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, रिकाम्या कपासाठी थांबल्यात.

प्रत्येक फॉर्मच्या शेवटी 'इतर काही सांगायचे असल्यास' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. सर म्हणाले होते, त्या कोऱ्या सोड. चौसष्टाव्या फॉर्मवर मी त्या भरल्या. मी लिहिलं : 'पहाटे कोयता उचलते तेव्हा हात झोपेत असतो. हात जागा होतो तोवर दिवस संपतो.' लिहून झाल्यावर ते मी तीनदा वाचलं. घरी, वर्गात, मुलाखतीत मी कधी इतकं नीट बोललेले नाही. मला ते फार आवडलं.

माझ्या अक्षराची कीर्ती मग इतर विभागांत पसरली. ग्रंथपालांना वाचनाची आवड कमी झालेले विद्यार्थी हवे होते. कॉमर्सच्या मॅडमना शनिशिंगणापूरच्या बिनदाराच्या घरांवरून बँकेवरचा विश्वास मोजायचा होता. खेळाच्या सरांना कबड्डीपटूंची झोप अभ्यासायची होती. मी एका दुपारी निद्रानाश झालेली कबड्डीपटू होते, दुसऱ्या दुपारी कुलूप न लावणारी खातेदार. ज्ञानाच्या या सगळ्या शाखा बाहेरून एकमेकींना ओळखतसुद्धा नव्हत्या. आतून सगळीकडे मीच बसले होते, पेनं बदलत.

हे सगळं तपासणी समिती येणार म्हणून चाललं होतं. समितीला संशोधन लागतं, म्हणून एप्रिलमध्ये आमच्याकडे 'बहुविद्याशाखीय राष्ट्रीय परिषद' भरली. राष्ट्रीय अशासाठी, की बेळगावहून एक गृहस्थ आले होते. त्यांना शिंगणापूरला दर्शनाला जायचंच होतं. पाच विषयांची पाच सत्रं ठरली होती, पण पंखे एकाच हॉलचे चालू होते, म्हणून सगळे तिथेच बसवले. प्रत्येकाला पाच मिनिटं. घंटा वाजवायचं काम माझ्याकडे, कारण त्यात बोलावं लागत नाही.

त्या टेबलावरून मी ऐकत होते. जात्यावरच्या ओव्यांतली सासू, मग लगेच दुधातली भेसळ, मग सहकारी पतसंस्था, मग संतांचं पर्यावरण. विषय कुठलाही असो, शेवटी 'समाजात जागृती होणे गरजेचे आहे' आणि 'शासनाने लक्ष द्यावे' हे यायचंच. सासूबद्दलही शासनाने लक्ष द्यावं असं एकजण म्हणाले. टाळ्या सगळ्यांना सारख्या. देवळाली प्रवराहून आलेली एक मुलगी उसाच्या पानांवरच्या तांबेरा रोगाबद्दल बोलत होती. तिने पानं स्वतः गोळा केली होती, एका पानावरचे ठिपके मोजून दाखवत होती आणि तिसऱ्या प्लॉटपाशी अडखळून म्हणाली, "इथे माझा अंदाज चुकला होता." दिवसभरात एवढं एकच वाक्य खरं वाटलं. तिची पाच मिनिटं झाली होती. मी घंटा वाजवली.

समाजशास्त्राच्या सरांचा निबंध शेवटी होता. त्यांनी चौसष्ट नंबरच्या बाईचं वाक्य मोठ्या पडद्यावर लावलं, खाली फॉर्मचा फोटोसुद्धा, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरासकट. आवाज जड करून वाचलं. काहींनी पडद्याचा फोटो काढला. मला कानापर्यंत गरम वाटलं, आणि लाज वाटते कबूल करायला, त्यात थोडा आनंदही होता.

पहिल्या रांगेत पुण्याहून आलेल्या पाहुण्या बसल्या होत्या. पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. सकाळपासून वहीत काही लिहून घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्या उठल्या.

"सर, कष्टकरी बायकांवर माझं पुस्तक येतंय. हे वाक्य मला पहिल्या पानावर हवंय. पण त्या बाईंना विचारल्याशिवाय मी छापणार नाही. त्या भेटतील का?"

"मॅडम, सीझन संपला ना. त्या गेल्या गावाकडे."

"मग गावी जाऊ. मी उद्या थांबते."

खरंच, भिंतीपलीकडे आता चुलींचे काळे डाग तेवढे उरले होते. पाथर्डीला जाऊन कुठली बाई शोधणार? तेवढ्यात सरांचा चेहरा उजळला. निबंध तयार करताना तो असाच उजळायचा.

"अहो मॅडम, गावाला कशाला? बाकीच्या गेल्या, ती बाई मात्र आता आमच्याकडेच कामाला आहे. चहानंतर भेटवतो."

चहाच्या सुट्टीत त्यांनी मला पॅन्ट्रीत नेलं. मावशी कप विसळत होत्या. सर घाईघाईने म्हणाले, "मावशी, तुम्ही पूर्वी तोडीला जायचात ना? अर्जात लिहिलंय तुम्ही. एक वाक्य पाठ करायचंय फक्त. या मॅडम शिकवतील. तुमच्या पर्मनंटचंही बघू." आणि मला म्हणाले, "पाच मिनिटांत करून घे. जूनही जवळ आलाय, लक्षात आहे ना?" आणि गेले.

दोन वर्षं मी मावशींच्या हातचा चहा पीत होते. त्या तोडीला जायच्या, हे मला माहीत नव्हतं. मी फॉर्म भरत असताना त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"काय म्हनायचं हाय?" त्यांनी विचारलं.

मी ते वाक्य म्हणून दाखवलं. पडद्यावर ते चांगलं वाटलं होतं. पॅन्ट्रीत, त्यांच्या ओल्या हातांकडे बघत म्हणताना ते पाठ केलेल्या धड्यासारखं वाटलं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग हसल्या. "हात झोपंत? कोयता हातात असताना हात झोपला तर बोटं ऱ्हातील व्हय? कुनी लिवलंय हे?"

मी विसळलेला एक कप उचलून पुसायला घेतला.

"बाईमानसानं न्हाई लिवलेलं. न्हाईतर लिवलं आसंल, पर ऊस न्हाई बगितला तिनं." त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळीचं पेर नव्हतं. दोन वर्षं त्या हातातून मी कप घेत होते. "म्हंते मी. मला काय. पर्मनंट हुईल म्हंत्यात तर म्हंते."

माझा सगळा तिरस्कार, दिवसभर हॉलमध्ये बसून एकेकाला मनातल्या मनात वाटलेला, तिथेच माझ्याजवळ परत आला. सरांनी निदान आळसाने खोटं केलं होतं. मी मन लावून, सुंदर खोटं केलं होतं.

सर पाहुण्यांना घेऊन दारात आले. "या मॅडम, याच त्या." मावशींनी हात पदराला पुसले आणि ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पाहुण्यांनी वही काढली, पेनाचं टोपण काढलं. सर माझ्याकडे बघत होते, कौतुकाने, मी काम चोख केलंय अशा नजरेने.

पेन कागदाला टेकायच्या आत मी बोलले. आवाज नको तेवढा मोठा निघाला, पॅन्ट्रीबाहेर उभे असलेले लोकही वळले.

"मॅडम, ते वाक्य माझं आहे, आणि शंभरातले ऐंशी फॉर्मही मीच भरलेत. मावशींना अजून कुणी काही विचारलेलंच नाही. तुम्ही विचारा."