मंजुषाचं पूर्ण नाव

गेवराईत कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात मंजुषा ब्लाउज शिवते. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी टाचण्या काढल्याशिवाय ती उत्तर देत नाही. सहा वर्षं मी हे बघतोय. ती मला अंगदभाऊ म्हणते तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तिचा नवरा अभिमन्यू कॅनडात असतो. लग्नानंतर चार महिन्यांनी गेला तो गेलाच, हिला नेलं नाही. त्या लेकाच्याला मी कधी पाहिलेलं नाही, तरी मी त्याच्यावर मनापासून जळतो. तीन वर्षांमागं दिवाळीत तिथल्या कोर्टाची नोटीस आली. वर्षभराच्या वर वेगळे राहतोय, तेव्हा घटस्फोट द्यावा, एवढंच त्याचं म्हणणं.

"अंगदभाऊ, कोर्टाला उत्तर टाइप करा. म्हणावं, मी न्हाई सोडत. त्याची तिथं दुसरी हाय. मी सोडलं की ती खरी अन्‌ मी खोटी!"

तिच्या डोळ्यांतली आग बघून मला त्याचा आणखीच हेवा वाटला. माझ्यासाठी असं कोण पेटणार?

वकिलांचे कागद करून करून मला एवढं कळतं. नुसतं वेगळं राहणं हे आपल्याकडं घटस्फोटाचं कारण नाही. ती गप्प राहिली, तर तिकडचा एकतर्फी निकाल इथलं कोर्ट मानणार नाही. पण उत्तर देऊन तिकडं भांडली, तर त्या कोर्टाचा अधिकार कबूल केल्यासारखं होईल आणि तो निकाल तिला इथंही लागू पडू शकेल. म्हणजे ती मोकळी होईल.

मी उत्तर टाइप केलं. पाकिटात घातलं. दोन दिवस खणात ठेवलं.

"पाठवलं का, भाऊ? म्या तर तुमच्यावर सोडून निवांत हाय."

"न्हाई पाठवलं," मी म्हणालो. "पाठवू पण नका. आदी वकिलाला गाठा." आणि पाकीट फाडलं. चुलीत जावो माझा भलेपणा.

तिनं उत्तर दिलं नाही, तिकडच्या कोर्टानं एकतर्फी घटस्फोट देऊन टाकला. मग वकिलानं इथं दावा लावला, आणि यंदा बीडच्या कोर्टानं तो परदेशी निकाल तिच्यावर बंधनकारक नसल्याचं ठरवलं. ती पेढे घेऊन आली, सोबत दुकानाच्या परवान्याचा अर्ज.

"पूर्ण नाव?" पाठ असूनही मी विचारलं.

तिनं ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"मंजुषा अभिमन्यू घोडके."

तिच्या नावाच्या मधोमध तो बसलेला असतो, आणि दर अर्जात त्याला तिथं मीच बसवतो.