पालथा ग्लास

ऐंशीच्या दशकात आम्ही नवराबायको अमेरिकेतल्या ट्रॉय गावाहून ग्रीसच्या क्रीट बेटावर सुट्टीला गेलो होतो. दुपारी डोंगरावरच्या एका खानावळीत जेवलो. मालक म्हातारा, जाड मिशांचा, अजिबात न हसणारा. जेवण झाल्यावर त्याने न विचारताच घरच्या दारूचा ग्लास पुढे ठेवला. पानात टाकायचं नाही ही आईची शिस्त, म्हणून मी तो संपवला. त्याने पुन्हा भरला. मी पुन्हा संपवला. चौथ्यानंतर त्याने टेबलावरची आमच्या गाडीची किल्ली उचलून खिशात टाकली आणि दार लावून घेतलं.

बायको कुजबुजली, “अहो, पासपोर्ट सेफ आहेत ना?” मी कोटाचा खिसा चाचपला.

तो समोर बसला. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, “नको असेल तर ग्लास भरलेला ठेवायचा. रिकामा दिसला की मी भरणारच.” मग त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. खालच्या वळणावर कठडा तुटलेला होता. “तिथून जो गाडीसकट खाली गेला, त्यालाही मीच भरून देत होतो.”

त्याचा स्वतःचा ग्लास पालथा होता.

किल्ली संध्याकाळी मिळाली. आजही ट्रॉयला आमच्याकडे पाहुण्यांना आग्रह चालतो. कुणी ग्लास रिकामा केला, की मी आधी त्याची किल्ली कुठे आहे ते बघतो.